फॉर्मवर मोबाइल नंबर कोणाचा?

‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो,’ असं बारावीच्या मुलांना सांगणाऱ्या क्लासवाल्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. ज्यांची मुलं आत्ता अकरावी-बारावीत आहेत त्यांनी तरी वेळेत सावध व्हावं, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही परभणीचे. मुलगा दहावीनंतर लातूरला, कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या इंटिग्रेटेडला. पहाटे रेक्टर उठवणार, मेसमध्ये ताट तयार, कपडे धोब्याकडे, रविवारी टेस्ट, फोन ऑफिसात जमा. पहिल्याच पालक मेळाव्यात मी उभी राहून म्हटलं होतं, “सर, महिन्यातून अर्धा दिवस मुलांना मोकळा द्या. बँक, झेरॉक्स, सेतू, आपापली कामं त्यांची त्यांना करू द्या. दोन वर्षांनी ती एकटी राहणार आहेत.” सर माइकवरून म्हणाले, “मॅडम, मुलाला इंजिनिअर करायचंय की शिपाई?” सगळा हॉल हसला. शेजारच्या बाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

पुढे सीईटीला पर्सेंटाइल चांगले आले, कॅप राउंडमधून पुण्याचं कॉलेज मिळालं आणि मुलाचा फोटो क्लासच्या फ्लेक्सवर झळकला. आम्ही ओपनमधले, उत्पन्न 8 लाखांच्या आत. म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरणार. याच उत्पन्नगटातल्या मुलींना 2024-25 पासून ते पूर्ण माफ आहे. महाडीबीटीवर त्याने अर्ज भरला, मला स्क्रीनशॉटही पाठवला. विषय संपला असं घरात सगळ्यांनी धरलं.

दुसऱ्या सेमिस्टरच्या तोंडावर कॉलेजच्या अकाउंट्समधून फोन आला, पूर्ण फी भरा. मी म्हटलं, अर्ज केलाय की. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “तो ‘सेंड बॅक’ झाला होता, ताई. मुलाला मेल केले होते. मुदत गेली.”

मुलाला विचारलं. तो म्हणाला, “आई, मला कोणी सांगितलंच नाही.”

मी पुण्याला गेले. हॉस्टेलच्या खोलीत त्याच्या शेजारी बसून म्हटलं, मेल उघड. त्याने फोनवर स्वतःचा मेल उघडला. त्यात यूट्यूबचे आणि खरेदीचे मेल, कॉलेजचा एकही नाही. मग प्रवेशाचा अर्ज काढला. त्यावर वेगळाच पत्ता होता, त्याचं नाव आणि पुढे क्लासच्या बॅचचा आकडा. सीईटीचे फॉर्म क्लासने कॉम्प्युटर लॅबमध्ये एकगठ्ठा भरले होते. प्रत्येक मुलाचा मेल त्यांनीच तयार केला, पासवर्ड क्लार्कच्या रजिस्टरमध्ये. तोच पत्ता पुढे प्रवेशाला गेला, तिथून कॉलेजच्या रेकॉर्डला. अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या मेलचा पासवर्ड माहीत नव्हता. ‘पासवर्ड विसरलात’ दाबलं, तर ओटीपी क्लासच्या ऑफिसातल्या मोबाइलवर जाणार होता.

क्लासला फोन लावला. क्लार्क म्हणाला, “जुन्या बॅचचं रजिस्टर आता कुठं शोधू? संध्याकाळी करा.” संध्याकाळी सरांनीच फोन घेतला. त्यांचं उत्तर मला शब्दन्‌शब्द पाठ आहे: “आमचं काम मार्कांपर्यंत होतं. ते आम्ही करून दिलं.” सीईटीचा फॉर्म ‘आम्ही बघतो’ म्हणून मुलाच्या हातातून काढून घेणारे हेच. त्या संभाषणात त्यांनी एकदाही ‘सॉरी’ म्हटलं नाही. ओटीपी मात्र दिला, तोही तिसऱ्यांदा मागितल्यावर.

मेलबॉक्स उघडला. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाचे मेल न वाचलेले पडून होते. कारण क्षुल्लक होतं. उत्पन्नाचा दाखला वाचता येत नव्हता. महाडीबीटीवर कागद 256 केबीच्या आत बसवावा लागतो. कॅफेवाल्याने तो इतका दाबला होता की तहसील कार्यालयाचं नावसुद्धा पुसट झालं होतं. पुन्हा स्कॅन करून अपलोड करायला दहा मिनिटं लागली असती. त्यापायी वर्षाची निम्मी फी गेली.

तेव्हा मुलगा अजून बारावीत असेल तर आधी त्याचा मेल बघा. तो त्यानेच उघडलेला हवा, पासवर्ड त्याला पाठ हवा, रिकव्हरीला नंबर त्याचा किंवा तुमचा हवा. सीईटी, कॅप, महाडीबीटी, कॉलेज, सगळीकडे हाच पत्ता. फोन क्लासमध्ये जमा असेल तर सुट्टीला घरी आल्यावर त्याच्याकडूनच उघडून घ्या.

अर्ज भरला म्हणजे काम झालं, ही समजूत मोडा. अर्ज आधी कॉलेजकडे जातो, मग सरकारी विभागाकडे, आणि कुठूनही परत येऊ शकतो. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघायची, ती मुलाने, आणि तुम्हाला सांगायची.

कागदपत्रं त्याने स्वतः स्कॅन करावीत, आकार कमी करावा आणि मग मोबाइलवर मोठं करून वाचून बघावं. शिक्का वाचता येतो का? बारकोड दिसतो का? रहिवासी दाखल्याला, उत्पन्नाच्या दाखल्याला सेतूत त्यालाच पाठवा. तुम्ही सोबत जा हवं तर, पण खिडकीशी तो उभा राहू दे. राखीव प्रवर्गातल्या पालकांनी जात पडताळणी अकरावीतच सुरू करावी. नॉन क्रिमीलेअर दाखल्यावरची तारीखही मुलाला वाचायला लावा. प्रवेशाला तो पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध लागतो.

बँकेत तर त्याला एकट्यालाच पाठवा. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी आधार सीड असणं वेगळं. सरकारी पैसे आधार ज्या खात्याला सीड असेल त्यातच येतात. हा फरक काउंटरवरच्या माणसाला विचारून घेणं हीच शिकवणी आहे.

पसंतीक्रमही त्याने लावावा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्या बंद. हे त्याला आधी कळलेलं हवं, कोणाच्या तरी तयार यादीवर सही केल्यावर नव्हे.

बाकी झोप वेळेवर, कपडे स्वतः धुणं, महिन्याचा खर्च लिहून ठेवणं, हे सगळे सांगतात, मीही सांगते. कॉलेजात 75 टक्के हजेरी लागते, जर्नल आणि सबमिशनच्या तारखा असतात, परीक्षेचा फॉर्म स्वतः भरायचा असतो. तारीख चुकली की लेट फी, नाहीतर टर्म जाते. तिथे बेल वाजवून कोणी उठवत नाही.

मला लोक म्हणतात, जाऊ द्या, मुलगा शिकला ना त्यातून. तो शिकला, खरं आहे. यंदाचा अर्ज त्याने स्वतः भरला आणि मंजूरही झाला. पण हेच तो बारावीत शिकू शकला असता, आणि तिथे भर सभेत मी तेच मागितलं होतं.

यंदा ज्यांच्या मुलाचा प्रवेश इंटिग्रेटेडला होणार आहे, त्यांनी फीचा पहिला हप्ता भरण्याआधी ऑफिसात एवढंच विचारावं: सीईटीच्या फॉर्मवर मेल आणि मोबाइल नंबर कोणाचा टाकणार? आमचा, असं उत्तर आलं तर पैसे देऊ नका.