नाव अचूक, तर उपचार अचूक : एका दुर्मीळ गाठीचा अभ्यास



पेशी, ऊती आणि पेशीविभाजन हे धडे आपण शाळेत शिकतो, आकृत्या काढतो, त्यांना नावे देतो आणि परीक्षा झाली की वही मिटतो. या धड्यांचा माणसाच्या जीविताशी किती जवळचा संबंध आहे हे समजावे म्हणून या अंकात आम्ही एका दुर्मीळ गाठीची हकिगत निवडली आहे. लेखातील गणित शाळेच्या पुस्तकापलीकडचे नाही. पालक व विश्वस्त मंडळींनीही तो वाचावा. सहावा भाग मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

१. दुर्मीळ म्हणजे किती?

युरोपातील संशोधकांनी यासाठी एक मर्यादा ठरवली आहे. ज्या कर्करोगाचे नवे रुग्ण वर्षाला एक लाख लोकांमागे ६ पेक्षा कमी असतात, तो दुर्मीळ कर्करोग. असे प्रकार दोनशेच्या आसपास भरतात. गंमत अशी, की एकेकटे घेतले तर हे रोग क्वचित आढळतात. पण सर्वांची बेरीज केली तर कर्करोगाच्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे एक रुग्ण याच गटातला निघतो.

आपण ज्या गाठीचा विचार करणार आहोत तिचे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव ‘जिस्ट’ असे आहे. ती जठर, आतडी अशा अन्नमार्गाच्या भिंतीत वाढते. बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीच्या पुढचे असतात; मुलांमध्ये ती फारच क्वचित दिसते. जेथे नीट नोंदी ठेवल्या जातात अशा देशांत दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १० ते १५ रुग्ण आढळतात. हेच प्रमाण धरले तर वीस लाख वस्तीच्या शहरात वर्षाला २० ते ३० रुग्ण होतील, आणि तेही अनेक रुग्णालयांत विखुरलेले. लहान गावातील प्रयोगशाळेत अशी गाठ कित्येक वर्षांत एखादीच यायची. रोज दिसणारी वस्तू चटकन ओळखू येते, क्वचित दिसणारी येत नाही. दुर्मीळ गाठीची पहिली अडचण ही ओळखीचीच आहे.

२. गाठ काचपट्टीवर कशी येते?

शस्त्रक्रियेने काढलेला भाग किंवा त्याचा छोटा तुकडा प्रथम फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. त्यामुळे तो कुजत नाही व पेशींची रचना टिकते. नंतर त्यातील पाणी काढून त्यात वितळलेले पॅराफिन मेण भरतात आणि मेणाचा ठोकळा तयार करतात. प्रयोगशाळेत याला ‘ब्लॉक’ म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने या ठोकळ्याचे साधारण ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे काप घेतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे आपल्याला ठाऊक आहेच. काप काचपट्टीवर चढवून रंगवला की पेशीकेंद्रके निळी-जांभळी व बाकीचा भाग गुलाबी दिसतो.

ही काचपट्टी पाहून रोगाला नाव देणारे डॉक्टर म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. रुग्णाची आणि त्यांची भेट बहुधा होतच नाही. पण सर्जन आणि कर्करोगतज्ज्ञ पुढे जे काही करतात ते पॅथॉलॉजिस्टने दिलेल्या नावावर अवलंबून असते. आपल्या देशात या कामाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव आदराने घेतले जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील प्रयोगशाळांचे ते प्रमुख होते, आणि १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक.

३. चुकीच्या नावाची वर्षे

सूक्ष्मदर्शकाखाली जिस्टच्या पेशी लांबट, चातीच्या आकाराच्या दिसतात. आतड्याच्या भिंतीतील अनैच्छिक स्नायूंच्या पेशीही लांबटच असतात. त्यामुळे कित्येक वर्षे या गाठींना स्नायूंच्या गाठी समजले जाई. १९८३ साली मेझर व क्लार्क या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टांनी जठरातील अशा गाठी अधिक बारकाईने तपासल्या. त्यांतील अनेक गाठींत स्नायूंची ठळक लक्षणे सापडली नाहीत. मज्जातंतूंच्या गाठी म्हणाव्यात, तर तेही खात्रीने म्हणता येईना. म्हणून त्यांनी ‘स्ट्रोमल’ हे सावध नाव वापरले. मूळ पेशी कोणती, हा प्रश्न त्यांनी मोकळाच ठेवला.

नावाचा हा घोळ केवळ पुस्तकी नव्हता. गाठ पसरल्यावर स्नायूंच्या कर्करोगाची नेहमीची औषधे दिली जात, आणि शंभरांत दहा रुग्णांनाही त्यांचा उपयोग होत नसे. पसरलेल्या रोगात रुग्ण साधारणपणे दीड वर्षच जगत.

४. अडकलेले बटण

उत्तर १९९८ साली जपानमधून आले. ओसाका येथील सेइची हिरोता व त्यांच्या सहकाऱ्यांना या गाठींत ‘किट’ नावाच्या जनुकात उत्परिवर्तन आढळले.

किट हे प्रथिन पेशीच्या पटलात बसलेले असते. त्याचे एक टोक पेशीबाहेर असते, दुसरे आत. दारावरच्या घंटेचे बटण असते तसे ते समजा. बाहेरून संदेश आला की बटण दाबले जाते, आत घंटा वाजते आणि पेशीला वाढण्याची सूचना मिळते. संदेश थांबला की घंटा थांबते. उत्परिवर्तनामुळे हे बटण दाबलेल्या स्थितीतच अडकते. बाहेर कोणी नसताना घंटा वाजत राहते आणि पेशी विभागत राहतात.

निरोगी आतड्यात हे प्रथिन ज्या पेशींत ठळकपणे आढळते, त्यांना स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचे नाव दिले आहे. काहाल हे १९०६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी. अन्न पुढे ढकलण्याची लय या पेशी सांभाळतात. जिस्टचे नाते याच पेशींशी आहे, हे १९९८ मध्ये लक्षात आले. ‘ही गाठ कोणाची?’ या प्रश्नाला पंधरा वर्षांनी उत्तर मिळाले.

आता तपासणीही सोपी झाली. किट प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड कापावर सोडतात. प्रथिन असेल तेथे तपकिरी रंग उमटतो. सुमारे ९५ टक्के जिस्ट गाठी असा रंग घेतात. उरलेल्यांपैकी अनेक गाठी २००४ साली सापडलेल्या ‘डॉग-१’ या दुसऱ्या खुणेने ओळखता येतात.

बटण सापडले, तसे ते सोडवणारे औषधही जवळच होते. इमॅटिनिब हे औषध एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी तयार झाले होते. तेच औषध किट प्रथिनालाही अडवते. प्रथिनाच्या आतल्या टोकावर एटीपी येऊन बसण्याची जी खाच असते, तेथे हे औषध जाऊन बसते. २००० साली फिनलंडमध्ये पसरलेल्या जिस्टच्या एका रुग्णाला ते प्रथमच देण्यात आले आणि काही आठवड्यांतच गाठी आक्रसू लागल्या. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी त्याला मान्यता मिळाली. जेथे दीड वर्षाची मुदत होती, तेथे पुढील अभ्यासात निम्मे रुग्ण सुमारे पाच वर्षे जगल्याचे दिसले. गाठ तीच, शस्त्रक्रियाही तीच. नाव बदलले म्हणून औषध बदलले.

आपल्या देशात या औषधाच्या किमतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. त्या वेळी मूळ औषधाला महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये पडत, तर भारतीय कंपन्यांचे औषध आठ-दहा हजारांच्या आसपास मिळे. शोध लागणे आणि तो घरापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

५. पुढे काय होईल? मोजणीचे शास्त्र

निदान झाले की घरचे विचारतात, “गाठ पुन्हा येईल का?” याचा अंदाज पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टींवरून बांधतात : गाठीचा आकार, विभागत असलेल्या पेशींची संख्या आणि गाठीची जागा. सूत्री विभाजनाच्या अवस्था आपण आकृतीत रंगवतो. पॅथॉलॉजिस्ट त्याच अवस्थांतील पेशी ५ चौरस मिलिमीटर क्षेत्रात एक-एक करून मोजतात.

हे अंदाज कोठून आले? अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये सैन्यदलाची एक मोठी पॅथॉलॉजी संस्था होती. ती २०११ साली बंद झाली. तेथे अनेक दशकांचे मेणाचे ठोकळे व रुग्णांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. मिएट्टिनेन, लासोटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नावांखाली ठेवलेले ठोकळे पुन्हा काढले, नव्या पद्धतीने रंगवले आणि त्या रुग्णांचे पुढे काय झाले ते पाहिले. २००५ मध्ये जठरातील १,७६५ व २००६ मध्ये लहान आतड्यातील ९०६ गाठींचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. इतक्या दुर्मीळ गाठी एका डॉक्टरला एका जन्मात पाहायला मिळणे शक्य नाही. पूर्वीच्या लोकांनी ठोकळे टाकून दिले नाहीत, म्हणून हे ज्ञान हाती आले.

त्यातील एकच उदाहरण पाहू. गाठ ५ ते १० सेंटिमीटरची आहे आणि ठरलेल्या क्षेत्रात विभागणाऱ्या पेशी ५ किंवा त्याहून कमी आहेत. अशी गाठ जठरात असेल तर ३ ते ४ टक्के रुग्णांत रोग पुढे वाढला. लहान आतड्यात असेल तर सुमारे २४ टक्के रुग्णांत. आकार तोच, मोजणी तीच. केवळ जागा बदलल्याने धोका सहा-सात पट झाला. हे रुग्ण इमॅटिनिब येण्यापूर्वीचे होते, म्हणजे औषध नसताना काय होते याचे हे आकडे आहेत.

या अंदाजावरून उपचार ठरतात. धोका कमी असेल तर शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळाने तपासण्या पुरतात. धोका जास्त असेल तर औषध देतात. अशा रुग्णांत एक वर्षाऐवजी तीन वर्षे इमॅटिनिब दिल्यास पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८२ वरून ९२ टक्क्यांवर जाते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. गाठीतील जनुकाची तपासणीही महत्त्वाची ठरते. काही गाठींत बिघाड किटऐवजी ‘पीडीजीएफआरए’ या जनुकात असतो, आणि त्यातील एका ठरावीक बदलावर इमॅटिनिब चालत नाही. त्यासाठी अवाप्रिटिनिब या वेगळ्या औषधाला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. २४ टक्के म्हणजे शंभर जणांत चोविसांना त्रास झाला, शहात्तरांना झाला नाही. आपला माणूस कोणत्या गटात आहे, हे तो आकडा सांगत नाही. हे पंचांगातले भविष्य नव्हे. किती सावध राहायचे, एवढे तो सांगतो.

६. पालकांनी लक्षात ठेवावे

घरात कोणाचीही गाठ काढली गेली, तर पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

काढलेली गाठ, कितीही साधी वाटली तरी, तपासणीला पाठवली आहे ना, हे विचारावे. ती फॉर्मेलिनमध्येच पाठवली जावी. रुग्णाचे वय, गाठीची जागा व पूर्वीचे आजार तपासणीच्या अर्जावर लिहिले आहेत याची खात्री करावी. पॅथॉलॉजिस्टला एवढाच रुग्ण दिसत असतो. अहवालाची फक्त शेवटची ओळ न वाचता पूर्ण अहवाल फाइलमध्ये ठेवावा. निदान दुर्मीळ असेल तर काचपट्ट्या आणि ब्लॉक मागून घेऊन मोठ्या कर्करोग रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत असे ब्लॉक पुन्हा तपासले जातात. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. अनेकदा तेच स्वतः हा सल्ला देतात.

विश्वस्त मंडळींना आमची एक विनंती आहे. कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजन प्रत्येक मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, इतके सूक्ष्मदर्शक शाळेच्या प्रयोगशाळेत असावेत. रांगेत उभे राहून अर्धा मिनिट डोकावण्याने मोजायची सवय लागत नाही.

स्वाध्याय

१) ५ सेंटिमीटर जाडीच्या गाठीचे ५ मायक्रोमीटरचे काप केले तर एकूण किती होतील? पॅथॉलॉजिस्ट त्यांतील थोडेच काप पाहतात. मग गाठीच्या कोणत्या भागांतून तुकडे घ्यावेत, याला महत्त्व का येते?

२) एका सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास ०.३६ मिलिमीटर आहे, दुसऱ्यात ०.५ मिलिमीटर. ५ चौरस मिलिमीटर क्षेत्र पाहण्यासाठी प्रत्येकात अंदाजे किती वर्तुळे पाहावी लागतील? (पाय = ३.१४) अहवालात नुसती वर्तुळांची संख्या लिहिली तर कोणता घोटाळा होईल?

३) कांद्याच्या मुळाच्या टोकाचा काप घेऊन दहा दृश्यक्षेत्रांतील विभागणाऱ्या पेशी मोजा. शेजारच्या विद्यार्थ्याने त्याच कापावर केलेल्या मोजणीशी तुलना करा. फरक पडला, तर तो का पडला ते दोघांनी मिळून लिहा.