नोकरभरती आणि संविधानातील ‘कूळ’

नोकरीची जाहिरात निघाली की पहिला प्रश्न विचारला जातो, ‘तिथे आपले कोण आहे?’ घोडेगावच्या बाजारात पाहुण्याची म्हैस आहे म्हणून कोणी धार न पाहता दावे हाती घेत नाही. मुलांचा शिक्षक नेमताना मात्र नाते पाहिले जाते.

हा रोग जुना आहे. १८९४ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानची सूत्रे हाती घेतली, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. शिक्षण आणि शिफारस दोन्ही एकाच वर्गाच्या हाती असल्यावर बाहेरच्याला प्रवेश मिळणार कसा? २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या.

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानातील अनुच्छेद १५ आणि १६ शेजारी ठेवून वाचावेत. धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभावास दोन्हींत मनाई आहे. शासकीय नोकरीविषयीच्या अनुच्छेद १६(२) मध्ये मात्र ‘कूळ’ आणि ‘निवास’ हे दोन शब्द अधिक आहेत. पाटीलकी, कुलकर्ण बापाकडून मुलाकडे जाताना पाहिलेल्या समाजाला त्या ‘कूळ’ शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

धम्माची शिकवणही हीच आहे. देवदत्त तथागतांचा चुलतभाऊ. त्याने संघाचे नेतृत्व मागितले, ते त्याला मिळाले नाही. उपाली न्हाव्याला मात्र शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली आणि राजपुत्रांनी त्याला वंदन केले.

महाराष्ट्रात शिक्षकभरतीसाठी २०१७ पासून अभियोग्यता चाचणी व ‘पवित्र’ पोर्टल आले. पण प्रत्येक पद पोर्टलवरून भरले जात नाही. वसतिगृहाचा अधीक्षक, स्वयंपाकी, कंत्राटी कर्मचारी यांच्या नेमणुका आजही माणसांच्याच हाती आहेत, आणि त्या माणसांत आता आपणही आहोत. ‘आजवर त्यांनी केले, आता आपण करू’ हा युक्तिवाद घातक आहे. राखीव जागेवर वशिला चालतो, तेव्हा डावलला जातो तो आपल्याच वस्तीतला, ओळख नसलेला मुलगा.

आपल्या माणसाला मदत अवश्य करावी: जाहिरात कळवावी, अर्ज भरून द्यावा, पुस्तके व प्रवासखर्च द्यावा. पद मात्र देऊ नये, कारण ते आपल्या मालकीचे नसते. उमेदवार नात्यातला असेल, तर निवड समितीतून लेखी कळवून बाजूला व्हावे आणि सर्वांचे गुण फलकावर लावावेत. माजी विद्यार्थ्यांनी एवढे पाळले, तरी या शाळेचे ऋण फिटेल.