पूर्वीं अशीं मुलें नव्हतीं काय ?

गेल्या पालकसभेचें कामकाज आटोपून मंडळी चहास उठण्याच्या बेतांत होती, तोंच मागील बाकावरील एका गृहस्थांनीं उभे राहून प्रश्न केला, "आमच्या वेळीं वर्गांत साठ-साठ मुलें असत, त्यांत असला एकहि मुलगा आम्हीं पाहिला नाहीं. आतां मात्र ज्याच्या त्याच्या घरीं ऑटिझम, अतिचंचलता, अध्ययन-अक्षमता हींच नांवें कानीं येतात. हा रोग आला तरी कोठून ?" सभेंत क्षणभर शांतता पसरली. पुढील रांगेंत एक माता बसल्या होत्या. त्यांच्या मुलास नुकतेंच हें नांव मिळालें होतें. त्यांनीं मान खालीं घातली. त्या दिवशीं आम्हीं दोन शब्द बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्या मातेची ती खालीं गेलेली मान आमच्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून वार्षिक अंकाच्या निमित्तानें त्याचें सविस्तर उत्तर देण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाविषयीं. ऑटिझम हा शब्द ग्रीक भाषेंतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दापासून झाला. ब्लॉयलर नांवाच्या स्विस मानसतज्ज्ञानें तो १९११ च्या सुमारास एका निराळ्याच मनोविकाराच्या वर्णनांत वापरला होता. मराठींत आपण त्यास स्वमग्नता म्हणतों. शब्द डौलदार आहे, परंतु किंचित् फसवा आहे. त्यावरून वाटतें कीं, हें मूल आपल्याच आनंदांत बुडालेलें असून त्यास दुसऱ्याची पर्वाच नाहीं. वास्तविक अशा पुष्कळ मुलांस संगत हवी असते. संगत धरण्याची रीत मात्र त्यांना उमगत नाहीं. समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव, आवाजांतील चढउतार, थट्टेंतला गर्भितार्थ, हें इतर मुलांस न शिकवितां येतें. यांना तें परक्या भाषेप्रमाणें एकेक शब्द पाठ करून शिकावें लागतें. त्याच्या जोडीस ठराविक क्रमाचा आग्रह, एखाद्याच विषयाचा ध्यास, आणि आवाज, उजेड, स्पर्श किंवा वास यांचा सोसवणार नाहीं इतका त्रास. कांहींना बोलतांच येत नाहीं, तर कांहीं एखाद्या ग्रंथासारखीं बोलतात. इतक्या भिन्न मुलांस एकच नांव दिलेलें आहे, ही गोष्ट पुढील हिशेबासाठीं वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

या मुलांचें पहिलें प्रसिद्ध वर्णन अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं केलें. त्यांत ११ मुलांची हकीकत असून पहिला मुलगा मिसिसिपी संस्थानांतील फॉरेस्ट या लहान गांवचा डोनाल्ड होता. याची गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. तो १९३३ सालीं जन्मला. अगदीं लहानपणींच त्यास दाविदाचें तेविसावें स्तोत्र आणि धर्मप्रश्नोत्तरांतील २५ प्रश्न उत्तरांसह मुखोद्गत होते. पण आई खोलींत आली तरी तो वळून पाहत नसे. "'होय' म्हणालास तर खांद्यावर घेईन," असें सांगून वडिलांनीं त्यास 'होय' म्हणावयास शिकविलें. तेव्हांपासून त्याच्या लेखीं 'होय' या शब्दाचा अर्थ 'मला खांद्यावर घ्या' एवढाच झाला! वैद्यांच्या सल्ल्यानें १९३७ सालीं आईबापांनीं त्यास घरापासून दूर एका संस्थेंत ठेविलें, आणि वर्षाच्या आंतबाहेर मनास राहवेना म्हणून परत आणिलें. नंतर वडिलांनीं कॅनर यांना मुलाची सारी हकीकत ३३ पानांच्या पत्रांत टंकलिखित करून पाठविली. त्या पत्रानेंच या विषयाचा आरंभ झाला म्हटलें तरी चालेल.

आतां येथेंच थोडें थांबून विचार करावा. डोनाल्डचे वडील वकील होते, आईचें घराणें पेढीवाल्यांचें होतें. त्याच जिल्ह्यांतील एखाद्या शेतमजुरास असाच मुलगा असता, तर त्याचें ३३ पानी पत्र कोण लिहिता, आणि बाल्टिमोरपर्यंत प्रवासाचा खर्च कोण करता ? कॅनर यांच्याकडे आलेल्या मुलांचे आईबाप बहुतेक सुशिक्षित होते, त्यावरून 'हा विकार बुद्धिमान घरांतच होतो' असा समज पसरला. खरी गोष्ट एवढीच होती कीं, ज्यांना वैद्याच्या दारापर्यंत पोंचतां आलें त्यांचीच गणती झाली.

पुढें मोजणी सुरू झाली. इंग्लंडांतील मिडलसेक्स परगण्यांत व्हिक्टर लॉटर यांनीं ८ ते १० वर्षांचीं मुलें तपासून १९६६ सालीं दर १०,००० मुलांमागें ४.५ असा आंकडा प्रसिद्ध केला. १९७९ सालीं लॉर्ना विंग व जुडिथ गूल्ड यांनीं लंडनच्या कॅम्बरवेल भागांत पाहणी केली, तेव्हां कॅनर यांच्या वर्णनांत तंतोतंत न बसणारीं, पण त्याच जातीच्या अडचणी असलेलीं मुलें मिळून तो सुमारें २० वर गेला. विंगबाई स्वतः अशा एका मुलीच्या माता होत्या. पुस्तकांतील लक्षणांपेक्षां घरांत काय दिसतें याकडे त्यांची नजर अधिक होती, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांचें १९४४ चें विस्मृतीत गेलेलें काम त्यांनींच १९८१ सालीं इंग्रजी वाचकांपुढें आणिलें. त्यामुळें स्पष्ट बोलणारीं, अभ्यासांत हुशार, परंतु व्यवहारांत गोंधळणारीं मुलेंहि या कक्षेंत आलीं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथानें व्याख्या १९८७ व १९९४ सालीं रुंद केली आणि २०१३ सालीं सारे पोटभेद मोडून 'ऑटिझम स्पेक्ट्रम' असें एकच नांव ठेविलें. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मोजणींत ८ वर्षांच्या मुलांमध्यें २००० सालीं १५० मुलांमागें १ निघालें होतें. २०२२ सालच्या मोजणींत तें ३१ मुलांमागें १ निघालें.

हा आंकडा वाचून छाती दडपते खरी. परंतु त्याच २०२२ च्या मोजणींत टेक्सस संस्थानांतील लरेडो येथें दर हजारी सुमारें १० मुलें निघालीं, तर कॅलिफोर्नियांतील केंद्रांत दर हजारी ५३ निघालीं. एकाच देशांत, एकाच वर्षीं, पांचपट फरक ! हवापाण्यानें एवढा फरक पडेल काय ? जेथें तपासणारे अधिक, जेथें शाळा लवकर पाठवितात, जेथें निदानामागून कांहीं साहाय्य मिळतें, तेथें आंकडा मोठा दिसतो.

डेन्मार्कमध्यें प्रत्येक नागरिकाच्या रुग्णालयीन नोंदी जपून ठेवितात. तेथील संशोधकांनीं १९८० ते १९९१ या काळांत जन्मलेल्या सुमारें ६,७७,००० मुलांच्या नोंदी तपासून वाढीचा हिशेब मांडला. १९९४ सालीं निदानाचे निकष बदलले, आणि १९९५ पासून रुग्णालयांत न राहतां केवळ तपासून घेऊन गेलेल्यांचीहि नोंद होऊं लागली. एवढ्या दोनच फेरफारांनीं ६० टक्के वाढीचा उलगडा होतो, असें २०१५ सालीं त्यांनीं दाखविलें. स्वीडनमध्येंहि त्याच वर्षीं असें दिसून आलें कीं, आईबापांनीं सांगितलेलीं मुलांचीं लक्षणें दहा वर्षांत जवळजवळ होतीं तितकींच राहिलीं, वाढलीं तीं दप्तरांतील निदानें. अमेरिकेंत तर एका रकान्यांतून मुलें दुसऱ्या रकान्यांत गेलीं: पूर्वीं ज्यांच्यावर 'मतिमंद' असा शिक्का मारून विषय संपवीत, त्यांतील कित्येकांस आतां ऑटिझमचें नांव मिळूं लागलें, कारण १९९० च्या कायद्यानें विशेष शिक्षणाच्या यादींत हें नांव स्वतंत्रपणें घातलें.

मग सारी वाढ कागदावरचीच काय ? असें आम्ही म्हणत नाहीं. वयस्क आईबापांच्या मुलांत याचें प्रमाण थोडें अधिक आढळतें, आणि पूर्वीं न जगणारीं फार अपुऱ्या दिवसांचीं बालकें आतां वांचतात. त्यामुळें कांहीं अंशीं खरी वाढहि असूं शकेल. परंतु साथ आल्यासारखी घबराट करण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं.

घबराटीनें किती अनर्थ होतो, याचीं दोन उदाहरणें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पहिला अनर्थ मातांवर कोसळला. आईच्या थंडपणामुळें मूल असें होतें, असें १९५० नंतर कित्येक वर्षें मोठमोठे लोक सांगत. ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९६७ सालीं त्यावर ग्रंथच लिहिला. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालींच या मताचें खंडन केलें होतें. पुढें १९७७ सालीं फोल्स्टीन व रटर यांनीं जुळ्या मुलांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच अंड्यापासून झालेल्या ११ जोड्यांपैकीं ४ जोड्यांत दोघांसहि ऑटिझम होता, आणि निरनिराळ्या अंड्यांपासून झालेल्या १० जोड्यांत एकींतहि नव्हता. दोष मायेच्या अभावाचा असता तर असा भेद पडता ना. दुसरा अनर्थ लसीचा. १९९८ सालीं अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरानें अवघ्या १२ मुलांच्या आधारें गोवर-गालगुंड-रुबेला लशीवर संशय घेतला. तो लेख २०१० सालीं मासिकानें मागें घेतला व त्याच वर्षीं डॉक्टरांचें नांव वैद्यकीय नोंदवहींतून कमी झालें. जपानमध्यें तर ती संयुक्त लस १९९३ सालींच बंद झाली होती, तरी योकोहामा येथें निदानें वाढतच राहिलीं. डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांची पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली, तींतहि लशीचा कांहीं संबंध आढळला नाहीं. दरम्यान लस न टोंचल्यामुळें गोवर मात्र परतला.

आपल्या देशाकडे वळूं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत कांगडा, पलवल, ढेंकनाल, हैदराबाद व आपला उत्तर गोवा अशा पांच ठिकाणीं २ ते ९ वर्षांचीं ३,९६४ मुलें तपासलीं. दृष्टि, श्रवण, वाचा, बुद्धि, फेपरें, ऑटिझम इत्यादि विकासाच्या अडचणी एकत्र धरल्या असतां ६ वर्षांखालील मुलांत ९.२ टक्के व ६ ते ९ वर्षांच्या मुलांत १३.६ टक्के प्रमाण पडलें. त्यांतील ऑटिझमचें प्रमाण शंभरांत सुमारें एक आहे. म्हणजे आमच्या शाळेसारख्या हजार-बाराशें मुलांच्या शाळेंत दहा-बारा मुलें असावयाचींच. बाळंतपण रुग्णालयांत न होणें, जन्मतांच मूल न रडणें, जन्माचें वजन कमी असणें या गोष्टींशीं या अडचणींचा संबंध त्या पाहणींत दिसला. त्यांतील पुष्कळ टाळतां येण्याजोग्या आहेत.

आतां त्या गृहस्थांच्या साठ मुलांविषयीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. घंटा झाली कीं तो दोन्ही हात कानांवर ठेवून बाकाखालीं बसे. आगगाड्यांचें वेळापत्रक त्यास पाठ होतें, आणि आम्हीं फळ्यावर तारीख चुकीची लिहिली तर प्रार्थना चालू असतांनाहि तो उभा राहून ती सुधारी. आम्हीं त्यास उद्धट समजलों. घंटेच्या वेळीं बाकाखालीं बसल्याबद्दल त्यास वर्गाबाहेर, म्हणजे नेमका घंटेच्या शेजारीं, उभा करीत असूं. प्रगतिपुस्तकावर आम्हीं स्वहस्तें 'हट्टी' असा शेरा लिहिला. आठवीच्या सहामाहीनंतर त्याच्या वडिलांनीं त्याचें नांव काढून घेतलें, व आम्हीं, खरें सांगावयाचें तर, सुटकेचा श्वास सोडला. आज त्याच वर्गांतील एखाद्या माजी विद्यार्थ्यास विचारलें, तर तोहि सांगेल कीं आमच्या वेळीं अशीं मुलें नव्हतीं. कारण शाळा सोडून जातांना निरोपाच्या छायाचित्रांत जे होते तेवढेच त्याच्या लक्षांत राहिले.

पालकांनीं काय पाहावें, हें थोडक्यांत सांगतों. मूल वर्षाचें झालें तरी नांवानें हांक मारल्यावर वळत नाहीं. दीड वर्षाचें झालें तरी 'तो बघ काऊ' म्हणून बोट दाखवीत नाहीं, किंवा आपण दाखविलेल्या बोटाकडे पाहत नाहीं. आलेले शब्द पुन्हां जाऊं लागतात. असें दिसल्यास 'मुलगे उशिराच बोलतात' या शेजारणींच्या दिलाशावर न विसंबतां प्रथम कान तपासावे व मग बालविकासाच्या जाणकार डॉक्टरांस दाखवावें. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं २०१३ पासून अंगणवाडींत व शाळेंत अशी तपासणी होते. मुलींत हीं लक्षणें पुष्कळदां झांकलेलीं राहतात. गुपचूप बसणारी मुलगी कोणास खुपत नाहीं, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष द्यावें. मूल पूर्ण बरें करून देण्याची हमी देऊन हजारों रुपये उकळणाऱ्यांच्या नादीं मात्र लागूं नये. उपयोग होतो तो रोजच्या सहवासांतील शिकवणुकीचा. गोव्यांतील 'संगाथ' संस्था व पाकिस्तानांतील रावळपिंडी येथील मंडळी यांनीं मिळून ६५ मुलांवर एक प्रयोग केला, तो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनीं आईबापांसच मुलाशीं खेळण्याची रीत शिकविली, तेव्हां तीं मुलें आपण होऊन आईबापांकडे अधिक वळूं लागलीं.

शाळेनें काय करावें, हें डोनाल्डच्याच हकीकतींत आहे. १९४२ सालीं त्यास एका शेतकरी जोडप्याकडे राहावयास ठेविलें. तो मक्याच्या ओळी पुन्हां पुन्हां मोजी, तेव्हां त्यांनीं त्याच्या हातीं नांगर देऊन 'नांगरतां नांगरतां मोज' असें सांगितलें. त्यास मापांचें वेड होतें, म्हणून विहीर खणावयास लाविलें व खोली किती झाली तें विचारलें. तो मेलेले पक्षी गोळा करी, तर त्यांस पुरण्यासाठीं एक जागा नेमून दिली. जवळच्या खेडेगांवच्या शाळेनेंहि त्याच्या तऱ्हा सांभाळून घेतल्या. पुढें तो पदवीधर झाला, आपल्या गांवच्या पेढींत नोकरीस राहिला, गोल्फ खेळला, एकट्यानें देशोदेशीं हिंडला, आणि २०२३ सालीं ८९ व्या वर्षीं वारला.

आमच्या शाळेपुरतें सांगावयाचें तर या सत्रापासून प्राथमिक वर्गांच्या ओट्यावरील घंटा काढून ती फाटकाजवळ नेली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतील २१ प्रकारांत ऑटिझम व अध्ययन-अक्षमता हीं दोन्ही आहेत, व शालान्त परीक्षेंत अशा मुलांस अधिक वेळ, लेखनिक इत्यादि सवलती मिळतात. त्यासाठीं प्रमाणपत्र लागतें, आणि तें मिळण्यास महिने जातात. म्हणून ज्या पालकांनीं निदानाचा कागद कपाटांत कुलुपाखालीं ठेविला आहे, त्यांनीं तो दहावीच्या तोंडावर न आणतां आतांच वर्गशिक्षकांकडे द्यावा. तो कोणास दाखविला जाणार नाहीं.