गोडी लागेपर्यंत काय करावे?

फणसवाडीतील आमच्या चाळीत दर एकादशीस भजन होते. त्यात पुष्कळ वर्षे टाळ धरणारे एक माळकरी गृहस्थ मध्यंतरी चार-पाच महिने आलेच नाहीत. घरी गेलो तो अंथरुणावर पडलेले. म्हणाले, "बुवा, कशात मन लागत नाही. हरिपाठ सुटला, पायी वारीचा संकल्प केला होता तोही राहिला. गोडी वाटेल तेव्हा येईन." आम्ही झटकन बोलून गेलो, "अहो, श्रद्धा कमी पडली तुमची!" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरविले. आमचे चुकलेच.

परतताना बालाजीच्या देवळापाशी घटकाभर टेकलो, तेव्हा तुकोबारायांचे चरित्र डोळ्यांपुढे आले. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. वाण्याचा धंदा बुडाला, पत गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. महाराज खचले, आणि ते त्यांनी लपविले नाही. लोकांत तोंड दाखविण्याची लाज वाटे, हे त्यांनीच सांगून ठेविले आहे. मग हाती काय घेतले? देहूचे वडिलोपार्जित विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते, ते नीट करायला घेतले. एकादशीचे कीर्तन आरंभिले, तेव्हा चित्ताला त्याचा सराव नव्हता, हेही त्यांचेच सांगणे. म्हणून संतांची काही वचने पाठ केली, आणि पुढे दुसरा गाई त्याच्या मागे ध्रुपद धरले.

वाचकहो, हा क्रम नीट पाहा. आधी गोडी लागली आणि मग कीर्तन सुरू झाले, असे घडलेले नाही. मन तयार नसताना हात कामाला लागले, गळा दुसऱ्याच्या मागे लागला, आणि मन सावकाश मागून आले. आजचे मनाचे डॉक्टरही उदासीच्या रोग्याला हेच सांगतात की, उत्साहाची वाट पाहू नका, ठरल्या वेळी एक लहानसे काम करा.

आता आमच्या चुकीविषयी. ताप आला तर आपण वैद्याकडे जातोच ना? मग झोप उडाली, अन्न नकोसे झाले, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटू लागले, तर तिथे मात्र "नाम घे" एवढेच सांगून का थांबावे? नाम घ्यावेच, औषधही घ्यावे. सरकारने २०२२ साली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्रीही कोणी बोलणारे असते.

आम्ही पुन्हा गेलो. आधी क्षमा मागितली. मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले, गोळ्या सुरू झाल्या. नेम ठरला तो एवढाच: सकाळी खाली उतरून देवळापर्यंत चालायचे आणि हरिपाठातला एकच अभंग म्हणायचा. एखादा दिवस चुकला की ते कष्टी होत. तेव्हा आम्ही म्हटले, "माउलींची पालखीसुद्धा पुण्यात दोन दिवस थांबते, सासवडला थांबते, म्हणून काय ती आळंदीला परत फिरते?" यावर ते हसले. बऱ्याच दिवसांनी.

मागच्या एकादशीला ते आले. पुढे बसले नाहीत, दाराशी बसले. टाळ दोनदा चुकला. निघताना विचारीत होते, वारीला दिवेघाट सोडून पुढे सासवडहून निघाले तर चालेल का?