माहितीचे जाळे : मूळ आराखडा आणि आपण

आज मोबाईलवर बोट ठेवताच जगातील माहिती समोर येते. हे ज्यामुळे शक्य झाले त्या 'वर्ल्ड वाईड वेब'चा मूळ आराखडा कसा होता, हे प्रस्तुत लेखात आम्ही थोडक्यात मांडत आहोत. इंटरनेट आणि वेब एकच नव्हेत. इंटरनेट ही संगणक जोडणारी यंत्रणा आहे, तर वेब ही त्या यंत्रणेवर चालणारी एक सेवा आहे.

अडचण काय होती? आपल्या मनमाडचेच उदाहरण घेऊ. मुंबई-भुसावळ मार्ग ब्रॉडगेज, तर सिकंदराबादकडचा मार्ग मीटरगेज होता. १९९० च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत येथे प्रवाशांना गाडी बदलावी लागे. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत माहितीची अशीच गत होती. तेथे नाना देशांचे हजारो शास्त्रज्ञ काम करीत. पण प्रत्येकाचा संगणक वेगळा, पद्धत वेगळी. माणूस संस्था सोडून गेला की त्याच्याजवळची माहितीही हरवे.

तेथील टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये वरिष्ठांना एक प्रस्ताव दिला. कल्पना अस्पष्ट पण उत्साहवर्धक आहे, असा शेरा वरिष्ठांनी त्यावर मारला. प्रस्तावाचे सार असे, की माहिती उतरंडीसारखी रचू नये. उतरंडीत वरून खाली एकच वाट असते. माहितीचे जाळे असावे. कोणत्याही कागदावरून कोणत्याही कागदाकडे जाता यावे. आम्हा बँकवाल्यांना हे चटकन उमगते. नोंदीपुढे खातेवहीचे पान लिहिलेले असले की मूळ नोंद सापडते. अशा जोडणीच्या मजकुरालाच 'हायपरटेक्स्ट' म्हणतात.

१९९० च्या अखेरीस हे जाळे सर्नमध्ये प्रत्यक्ष चालू झाले. त्याचे आधार तीन :

१) प्रत्येक कागदाला स्वतंत्र पत्ता.
२) कागद लिहिण्याची एक सोपी संकेतभाषा.
३) कागद मागण्याचा व देण्याचा सर्व संगणकांना समान नियम, म्हणजे जणू एकच गेज.

दुसऱ्याच्या कागदाशी जोडणी करण्यास कोणाचीही परवानगी लागत नसे. यात एक उणीव राहिली. मूळ कागद हलला की जोडणी तुटते. पण या मोकळिकीमुळेच जाळे जगभर पसरले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली.

आता महत्त्वाचा मुद्दा. बर्नर्स-ली यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये वाचण्याबरोबर लिहिण्याचीही सोय होती. वाचणारा हा लिहिणाराही असावा, हा मूळ विचार होता. पुढे लोकप्रिय झालेले ब्राउझर मात्र मुख्यतः वाचण्यापुरते राहिले आणि आपणही केवळ वाचक व प्रेक्षक झालो.

आपल्या गावचा इतिहास, वडीलधाऱ्यांच्या आठवणी, जुन्या स्मरणिका आजही कपाटात पडून आहेत. त्या मराठीत टंकित करून जाळ्यात आणणे हे काम बाहेरचा कोणी येऊन करणार नाही. ज्या जाळ्याच्या दारावर पहारेकरी ठेवला गेला नाही, तेथे आपली नोंद नसेल तर दोष कोणाला द्यायचा? विद्यार्थ्यांनी या वर्षी निदान एक आठवण लिहून काढावी, एवढीच आमची विनंती.