पक्षाघातानंतर हाताचे पुनःशिक्षण

मंगरुळपीर तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका वृद्ध शेतकऱ्यास पक्षाघाताचा झटका आला. प्राण वाचले, परंतु उजवा हात व पाय लुळे पडले. घरी आणल्यावर सुनानातवंडांनी त्यांची जी सेवा केली ती पाहून आम्हांस धन्य वाटले. भेटीस गेलो की आम्हीही त्यांना चमच्याने चहा पाजीत असू. दोन महिने बाबांचे पाऊल खाटेखाली टेकले नाही. पुढे तज्ज्ञांनी तपासले, तो खांदा जखडलेला व बोटे तळहातात मिटलेली आढळली. आजाराने केलेल्या हानीत आमच्या मायेने भर घातली होती.

विद्यार्थिमित्रहो, हे असे का घडते ते पाहू. पक्षाघातात हात लुळा पडला तरी मूळ इजा मेंदूस झालेली असते. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की शरीराची उजवी बाजू दुबळी होते. मृत झालेला भाग पुन्हा सजीव होत नाही. तथापि शाबूत राहिलेले भाग त्याचे काम काही अंशी शिकू शकतात, आणि तेही पाढ्यांप्रमाणे, पुनःपुन्हा घोकूनच. इकडे न हललेल्या हाताचे स्नायू आखडतात व सांधे ताठरतात. म्हणून प्रकृती स्थिर झाल्याचे डॉक्टरांनी सांगताच भौतिकोपचार सुरू करावयाचे असतात. वरचेवर कूस बदलणे, सांधे हळुवार हलविणे, टेकून बसविणे, मग आधाराने उभे करणे, असा त्याचा क्रम असतो. लुळ्या हातास धरून रोग्यास कधीही ओढू नये. स्नायू शिथिल असल्याने खांदा निखळण्याचे भय असते. प्लॅस्टर काढलेला पाय किंवा गुडघेदुखी यांतही भौतिकोपचार उपयोगी पडतात, परंतु ती हकीकत निराळी.

दुसरी शाखा व्यवसायोपचाराची. हे नाव थोडे फसवे आहे. येथे धंदा शिकवीत नाहीत. सदऱ्याची गुंडी लावणे, तांब्या उचलणे, घास तोंडापर्यंत नेणे ही नित्याची कामेच येथे औषध म्हणून दिली जातात. आपल्या देशात या विद्येची पहिली शाळा कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काढली. बाई जन्माने अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्रीय. पुढे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळू लागले.

आमच्या बाबांस तज्ज्ञांनी उंच काठाची थाळी दिली व चमच्याच्या दांड्यास चिंधी गुंडाळून तो जाड केला. सर्वांत कठीण पथ्य मात्र सुनेला सांगितले: वरण सांडले तरी भरवावयास धावू नये. एका जेवणास पाऊण तास लागे; ती माउली स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुशी.

हात पूर्ववत झाला नाही, हे सांगितलेच पाहिजे. विळा त्यांना आजही धरवत नाही. परंतु गेल्या खेपेस गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलीत होते. उजव्या हाताने शेंग दाबून धरीत व डाव्याने दाणे काढीत. चहा आला. त्यांनी कप उचलला, तो थरथरला, थोडा चहा बशीत सांडला. आमचा हात सवयीने पुढे गेला होता. तो आम्ही मागे घेतला.