लिनक्सवरील दैनंदिन सॉफ्टवेअर : विश्वासार्हतेची कसोटी



या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस लिनक्स संगणकावर रोजच्या लेखन-वाचनासाठी विश्वासार्ह सॉफ्टवेअर निवडता येईल, तसेच ते मराठी मजकूर नीट सांभाळते की नाही, हे स्वतः तपासता येईल.

१. प्रास्ताविक

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा मजकूर मी त्या काळी प्रचलित असलेल्या एका मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित केला होता. काही वर्षांनी ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची अर्थहीन गर्दी दिसली. फाइल शाबूत होती. परंतु तिच्यात मुळात मराठी अक्षरे साठवलेलीच नव्हती. रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर त्या फॉन्टने केवळ देवनागरी आकार चढवले होते. छापील प्रत कपाटात होती, म्हणून क्षेत्रकार्यात जमवलेले बोलीचे नमुने वाचले.

अडखळणारे सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करता येते. हरवलेला मजकूर मात्र परत मिळेलच असे नाही. म्हणून विश्वासार्हतेचा पहिला प्रश्न असा : आज लिहिलेले मराठी दहा वर्षांनी, दुसऱ्या यंत्रावर वाचता येईल काय?

२. सॉफ्टवेअर कोठून घ्यावे?

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. या गाभ्याभोवती इतर सॉफ्टवेअर जोडून तयार होणाऱ्या संचास ‘वितरण’ म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही त्याची उदाहरणे होत. प्रत्येक वितरणाचे स्वतःचे सॉफ्टवेअर-भांडार असते. त्यातील सामग्रीची सत्यता डिजिटल स्वाक्षरीने पडताळली जाते आणि सुधारणा प्रणालीबरोबरच मिळत राहतात. म्हणून प्रथम भांडारातच शोधावे. तेथे न मिळाल्यास फ्लॅटहब पाहावे. मात्र ते मूळ निर्मात्यांनीच ठेवल्याची पडताळणी-खूण आहे का, हे तपासावे. अनोळखी ठिकाणची आज्ञावली प्रशासकाच्या अधिकाराने कधीही चालवू नये.

अभ्यासाच्या संगणकासाठी दीर्घकाळ पाठबळ मिळणारी आवृत्ती निवडणे हिताचे. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी येते व तिला पाच वर्षे नियमित सुधारणा मिळतात.

३. नेहमीची कामे

वेब पाहण्यासाठी फायरफॉक्स, ई-मेलसाठी थंडरबर्ड, ध्वनिचित्रफितींसाठी व्हीएलसी, पीडीएफ वाचण्यासाठी ओक्युलर आणि छापील मराठी पानाच्या चित्रातून मजकूर काढण्यासाठी टेसरॅक्ट ही वापरून रुळलेली साधने आहेत. लेखनासाठी लिब्रेऑफिस रायटर वापरावे. त्याचे मूळ ओडीटी हे स्वरूप ज्या मानकात मोडते, त्यास २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. या स्वरूपाची रचना सर्वांसाठी खुली असल्याने अन्य सॉफ्टवेअरलाही ते वाचता येते. स्वाध्यायाची मूळ प्रत ओडीटीमध्ये जपावी. अभ्यासकेंद्राने दुसरे स्वरूप मागितले नसेल, तर पाठवताना पीडीएफ करावी, म्हणजे पानांची मांडणी विस्कटत नाही.

४. मराठीची परीक्षा

प्रणालीच्या सेटिंग्जमध्ये मराठी कळफलक जोडावा. इन्स्क्रिप्ट येत नसल्यास उच्चारानुसारी कळफलकही मिळतो. लिब्रेऑफिसच्या भाषाविषयक पर्यायांत देवनागरीचा समावेश ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या गटात होतो. तेथे मराठी भाषा निवडावी.

यानंतर दोन शब्द टंकित करावेत : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिल्याचा अर्थ समुद्र, दुसऱ्याचा डोंगरांमधील खोलगट भाग. रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांतील हा भेद मराठीत अर्थ बदलतो. ज्या साधनात तो टिकत नाही, ते आपल्या उपयोगाचे नाही. शिवाय अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांस सारखी दिसतात. परंतु शोध घेताना एक दुसऱ्याशी जुळेलच असे नाही. म्हणून संपूर्ण लेखनात एकच पद्धत ठेवावी.

हे शब्द साठवून फाइल पुन्हा उघडावी, दुसऱ्या संगणकावर पाहावी, पीडीएफ करून त्यातील मजकूर उतरवून घ्यावा. प्रत्येक टप्प्यावर शब्द तसेच राहिले, तरच ते साधन आपल्या लेखनासाठी पक्के समजावे.

५. सारांश

अधिकृत भांडार, चालू पाठबळ, खुले फाइलस्वरूप आणि युनिकोडमधील मराठी या चार गोष्टी निवडीचा पाया आहेत. सॉफ्टवेअर बदलत राहील. आपले लेखन त्याहून अधिक काळ टिकले पाहिजे. कितीही चांगले साधन असले, तरी महत्त्वाच्या लेखनाची एक प्रत अन्यत्र ठेवावीच.

आपली प्रगती तपासा

१. फाइल शाबूत असूनही तिच्यातील मराठी मजकूर वाचता न येण्याचे कारण स्पष्ट करा.
२. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांसारखी आणखी एक जोडी शोधा आणि आपल्या संगणकावर वरील परीक्षा करून निष्कर्ष लिहा.